पासष्टीनंतरचा पेला
व्हिस्की, क्राफ्ट बिअर आणि घरगुती मद्य : कुतूहल, माप आणि काळजी

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही पेठ कोल्हापूरच्या गुळामुळे नावारूपाला आली. पुढे गुळाचे मोठे सौदे मार्केट यार्डात होऊ लागले. तरी ढेपेचा रंग पाहून आणि खडा जिभेवर ठेवून गुळाची प्रत सांगणारी वडीलधारी मंडळी या भागात आजही भेटतात. चवीची अशी जाण असलेल्या माणसाला निवृत्तीनंतर नव्या चवींचे कुतूहल वाटावे, यात नवल नाही. मुलगा पुण्याहून येताना क्राफ्ट बिअरची बाटली आणतो. परदेशातून आलेला नातू आजोबांसाठी सिंगल माल्ट ठेवून जातो. मोबाइलवर कोणीतरी घरच्या घरी बिअर कशी करावी हे दाखवत असतो. एरवी सणासमारंभापुरता पेला हाती धरणारे गृहस्थ मग संध्याकाळी हौसेने चव घेऊ लागतात.

घरात यावर सहसा दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, ‘या वयात त्यांना काय बोलायचे’ म्हणून मौन. दुसरी, रोजची कटकट. दोन्हींमध्ये एक गोष्ट राहून जाते. पेल्यात नेमके मद्य किती आहे आणि घेणाऱ्याच्या गोळ्यांशी त्याचे जमते की नाही, हे कोणी पाहत नाही. उतारवयात धोका बहुधा याच दुर्लक्षातून निर्माण होतो. म्हणून हा लेख कधीमधी घेणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठी आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. जे मद्य घेत नाहीत, त्यांनी प्रकृतीसाठी म्हणून ते सुरू करू नये. ‘थोडी रेड वाइन हृदयाला चांगली’ हा समज गेली काही दशके दृढ झाला होता. परंतु आरोग्याला पूर्णतः निर्धोक ठरेल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तर १९८८ मध्येच मद्याचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला होता. थंडीत ब्रँडीने ऊब येते, हाही भ्रम आहे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे अंग गरम वाटते; प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जाते.

उसाच्या मळीपासून सिंगल माल्टपर्यंत

कोणतेही मद्य किण्वनातून तयार होते. यीस्ट हे सूक्ष्मजीव साखर खातात आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतात. मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेला गोड अर्क आंबवला आणि त्याला हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा दिला, की बिअर होते. आंबवलेल्या बार्लीचेच ऊर्ध्वपातन करून ते ओकच्या लाकडी पिंपात मुरवले, की माल्ट व्हिस्की होते. स्कॉटलंडच्या नियमानुसार स्कॉच किमान तीन वर्षे पिंपात मुरावी लागते आणि तिच्यात किमान ४० टक्के अल्कोहोल असावे लागते.

आपल्याकडची कथा थोडी निराळी आहे, आणि ऊसपट्ट्यातील वाचकाला ती जवळची वाटेल. साखर तयार झाल्यावर कारखान्यात जी मळी उरते, तिच्यापासून शुद्ध मद्यार्क काढतात. भारतात विकल्या जाणाऱ्या कमी व मध्यम किमतीच्या अनेक व्हिस्कींचा आधार हाच मद्यार्क असतो. त्यात थोडी माल्ट व्हिस्की किंवा स्वाद मिसळलेला असतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते, म्हणून मळीच्या मद्याला तेथे ते नाव लावता येत नाही. दुसरीकडे बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे नेऊन सादर केली. त्यानंतर गोव्यात तयार होणाऱ्या पॉल जॉन सिंगल माल्टनेही जगात नाव मिळवले. उष्ण हवेत पिंपातील मद्य स्कॉटलंडपेक्षा कितीतरी वेगाने उडून जाते आणि मुरतेही वेगाने. त्यामुळे थोड्याच वर्षांत त्याला गडद चव येते.

क्राफ्ट बिअर म्हणजे लहान भट्टीत, थोड्या प्रमाणात, चवीवर भर देऊन केलेली बिअर. देशातील या प्रवाहाच्या आरंभीच्या ठिकाणांत पुण्याचा समावेश होतो. डूलाली ही लहान ब्रुअरी तेथे २००९ मध्ये सुरू झाली. गव्हाच्या बिअरमध्ये केळे आणि लवंग यांचा जो गंध येतो, तो यीस्टमुळे. गडद बिअरमधील कॉफीसारखी चव भाजलेल्या बार्लीची असते. हे समजून घेण्यात आनंद आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

मात्र या आनंदाबरोबर एक गैरसमज घरात शिरतो : ‘उंची मद्य बाधत नाही’ किंवा ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’. यकृताला बाटलीची किंमत कळत नाही. मळीचे असो, माल्टचे असो वा गव्हाचे, त्यातील अल्कोहोल एकच असते आणि शरीरावर परिणामही तेच करते.

पेला नव्हे, ग्रॅम मोजावेत

मद्य मोजण्याची एक सोपी रीत आहे. पेल्यातील मिलिलिटरला बाटलीवरील टक्केवारीने गुणावे, शंभराने भागावे आणि आलेल्या संख्येला ०.८ ने गुणावे. उत्तर येते ते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम.

भारतीय व्हिस्कीत बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम. पाच टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली सुमारे २६ ग्रॅमची, म्हणजे मोठ्या पेगपेक्षा अधिक. ‘स्ट्राँग’ बिअर आठ टक्क्यांपर्यंत असू शकते. तिच्या एका मोठ्या बाटलीत ४० ग्रॅमहून अधिक अल्कोहोल जाते. दोन मोठे पेग झाले! ‘मी फक्त एक बिअर घेतो’ असे सांगणाऱ्या आजोबांच्या वाक्यात काय दडलेले असू शकते, हे यावरून ध्यानात यावे. क्राफ्ट बिअरचे प्रमाण प्रत्येक प्रकारागणिक बदलते. ते विचारल्याशिवाय पेला घेऊ नये. पिंपातून पाणी न मिसळता भरलेल्या काही सिंगल माल्टमध्ये अल्कोहोल ६० टक्क्यांच्या आसपास असते; तिचा लहान पेगही १४ ग्रॅमचा होतो.

ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला ११२ ग्रॅम ही कमाल मर्यादा सुचवली आणि तीही एकाच दिवशी नव्हे, तर विभागून. त्याआधी, २०११ मध्ये, तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने पासष्टीनंतर दिवसाला १२ ग्रॅमपेक्षा अधिक नको, असे म्हटले होते. म्हणजे एका लहान पेगहून जेमतेम अधिक. ही कमाल मर्यादा आहे, तेवढे घ्यावे असा सल्ला नव्हे. आणि खाली सांगितलेली औषधे किंवा आजार असल्यास ती मर्यादा शून्यावर येऊ शकते.

घरी अंदाजाने ओतलेला पेग बहुधा मोठाच असतो. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मिलिलिटरच्या खुणांचे टोपण घेऊन एकदा मोजून पाहावे. अनेकांना आपला ‘लहान’ पेग किती मोठा आहे, हे तेव्हाच कळते.

तोच पेला, निराळे शरीर

‘चाळीस वर्षे घेतोय, कधी काही झाले नाही’ हे वाक्य खरे असू शकते. पण चाळिशीतले शरीर आता राहिलेले नसते. वयानुसार स्नायू घटतात आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी होते. मद्य पाण्यातच मिसळत असल्याने तेवढ्याच पेल्याने रक्तातील पातळी पूर्वीपेक्षा अधिक चढते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मुळातच कमी असते, म्हणून त्यांच्यावर परिणाम अधिक होतो. यकृताला एका लहान पेगचा निचरा करण्यास साधारण एक तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वेळ कमी होत नाही.

झोपेसाठी पेग घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. लघवीला उठावे लागते, तोल पूर्ण आलेला नसतो, अंधार असतो, न्हाणीघराची फरशी ओली असते. मांडीच्या हाडाचा खुबा मोडण्यास एवढे पुरते आणि त्यानंतर अनेक ज्येष्ठांचे स्वतंत्रपणे हिंडणे-फिरणे संपते.

गोळ्यांच्या डब्याशी वैर

पासष्टीच्या पुढे रोज चार-सहा गोळ्या घेणे अनेकांना भाग असते. त्यांपैकी काहींचे मद्याशी वैर आहे.

मधुमेहात ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मद्यामुळे यकृताची रक्तात साखर सोडण्याची क्रिया मंदावते आणि साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. हा परिणाम काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसतो. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, गुंगी ही त्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात. ‘जास्त झाली आहे, झोपू द्या’ असे म्हणून घरचे दार लोटून घेतात आणि तेथेच अनर्थ घडू शकतो. अशा वेळी प्रथम ग्लुकोमीटरने साखर तपासावी. साखर ७० च्या खाली असेल आणि व्यक्ती शुद्धीवर असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या वा चिंतेवरील गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके यांच्याबरोबर मद्य घेतल्यास गुंगी वाढते आणि श्वास मंदावू शकतो. ही जोडी सर्वथा वर्ज्य आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांवर मद्य घेतल्याने उठून उभे राहताना भोवळ येते. वॉरफरीनचा परिणाम मद्यामुळे कमी-जास्त होतो. अॅस्पिरिन व सांधेदुखीच्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पॅरासिटॅमॉल निरुपद्रवी वाटते, पण नियमित पिणाऱ्याच्या यकृताला तेही जड जाऊ शकते. यकृताचा आजार, स्वादुपिंडाचा दाह, फिट्स, स्मृतिभ्रंश किंवा वारंवार पडण्याचा इतिहास असेल, तर मद्य टाळणेच योग्य.

येथे आसव-अरिष्टांचाही उल्लेख करायला हवा. दशमूलारिष्ट, द्राक्षारिष्ट, अशोकारिष्ट ही औषधे गूळ आणि धायटीची फुले घालून आंबवलेली असतात आणि त्यांत साधारण पाच ते दहा टक्के अल्कोहोल आपोआप तयार होते. दहा टक्क्यांचे अरिष्ट दिवसातून दोनदा ३०-३० मिलिलिटर घेतल्यास पोटात जवळपास पाच ग्रॅम अल्कोहोल जाते, म्हणजे अर्धा लहान पेग. ती औषधे वैद्यांच्या सल्ल्याने अवश्य घ्यावीत. मात्र मधुमेहाच्या डॉक्टरांना आणि मद्य सोडलेल्या व्यक्तीच्या उपचारकांना त्यांची कल्पना द्यावी.

घरी बिअर करण्याचा मोह

अमेरिकेत घरगुती बिअर करण्यावरील केंद्रीय बंदी १९७८ च्या कायद्याने उठली. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्येच गेली होती. त्यामुळे तेथील चित्रफिती पाहून आपल्यालाही हे सहज शक्य वाटते. महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा काळानुरूप बदलत आजही लागू आहे. त्यानुसार मद्य पिण्यासाठीही परवाना लागतो आणि परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. साहित्य ऑनलाइन मिळते म्हणून कृती कायदेशीर होत नाही. सत्तरीतल्या हौशी गृहस्थाने यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी, असे कोणालाच वाटणार नाही.

आरोग्याचा प्रश्न तर त्याहून मोठा. धान्य नीट आंबवले तर मिथेनॉल नगण्यच तयार होते. हातभट्टीच्या दारूने होणारे बळी मुख्यतः त्यात मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलचे असतात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलची लक्षणे लगेच दिसत नाहीत. कित्येक तासांनी पोटदुखी, उलट्या, धूसर दिसणे, जोराचा श्वास सुरू होतो. वेळीच उपचार मिळाल्यास जीव आणि दृष्टी वाचू शकते, म्हणून घरगुती उपाय करत थांबू नये. ओळखीच्या माणसाने ‘घरची, शुद्ध’ म्हणून दिलेली विनालेबल बाटली नम्रपणे परत करावी. घरी बंद बाटलीत आंबवलेल्या पेयाचाही स्वतंत्र धोका असतो : आत वायू साठून काच फुटते.

आंबवण्याच्या कलेचेच कुतूहल असेल, तर आपल्या स्वयंपाकघरात त्यासाठी भरपूर वाव आहे. ज्वारी किंवा नाचणीची आंबील, ताक, घरचे विरजण, आंबोळीचे पीठ यांतही सूक्ष्मजीवच काम करतात. तापमान, वेळ आणि पीठ बदलून चव कशी बदलते, हे नातवंडांना बरोबर घेऊन पाहता येते.

चव घ्यायचीच असेल तर

डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल आणि अधूनमधून चव घ्यायची असेल, तर काही पथ्ये पाळावीत. उपाशीपोटी घेऊ नये. मोजून ३० मिलिलिटर घ्यावे आणि तेवढ्यावरच थांबावे; व्हिस्कीचा गंध पाण्याच्या दोन-चार थेंबांनी अधिक खुलतो, त्यामुळे चवीसाठी मात्रा वाढवण्याची गरज पडत नाही. क्राफ्ट बिअरची बाटली दोघा-तिघांत वाटून घ्यावी. झोपण्याच्या तीन-चार तास आधी आटोपावे, सोबत पाणी प्यावे, एकट्याने घेऊ नये, त्यानंतर वाहन चालवू नये आणि रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा. आठवड्यातील बहुतेक दिवस कोरडे असावेत. कोरडा दिवस जड जाऊ लागला, तर ती हौस राहिलेली नाही, हे ओळखावे.

काळजी वाहणाऱ्यांसाठी

निवृत्ती, जोडीदाराचा वियोग, मुलांचे दूर जाणे यांनंतर काहींचे पिणे उतारवयात प्रथमच वाढते. कारण न कळणाऱ्या जखमा, वारंवार तोल जाणे, साखर-रक्तदाबाची चढउतार, विसरभोळेपणा, गोळ्या चुकणे, दुपारपासूनच संध्याकाळची वाट पाहणे यांकडे केवळ ‘वयाचे लक्षण’ म्हणून पाहू नये. घरातील ज्येष्ठ स्त्रियांबाबत तर हा प्रश्न विचारलाच जात नाही, तोही विचारावा.

विचारताना सूर महत्त्वाचा. ‘पुन्हा घेतलीत ना?’ या प्रश्नाला उत्तर मिळते ते लपवाछपवीचे. त्याऐवजी, ‘आबा, डॉक्टरांना गोळ्यांच्या यादीबरोबर हेही सांगायचे आहे, आठवड्यात किती होते, ते आपण एकदा मोजू या का?’ असे सकाळच्या शांत वेळी विचारावे. बोलणे पेला हाती असताना करू नये.

रोज बरेच घेणाऱ्या व्यक्तीची बाटली अचानक काढून घेणे धोक्याचे असते. अशा व्यक्तीला काही तासांतच थरथर, घाम, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रमाचा गंभीर झटका येऊ शकतो. म्हणून मद्य सोडणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. हाड मोडून किंवा शस्त्रक्रियेसाठी वडीलधाऱ्यांना दाखल करतानाही हेच लागू आहे. तिसऱ्या दिवशी ते अचानक बरळू लागले, तर भूल किंवा वय यांना दोष दिला जातो आणि खरे कारण कुटुंबाने संकोचापोटी सांगितलेले नसते. दाखल करतेवेळी रोजचे प्रमाण स्पष्ट सांगावे. त्यात अब्रू जात नाही, जीव वाचतो.

मदतीसाठी केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकांवर विनामूल्य बोलता येते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला दिली. तीच दृष्टी घरातही हवी.

या आठवड्यात एवढेच करून पाहावे. घरातील पेल्याचे माप एकदा मोजावे, बाटलीवरची टक्केवारी वाचावी, ग्रॅमचा आकडा गोळ्यांच्या यादीखाली लिहावा आणि तो कागद पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवावा. घ्यायचे की नाही, किती आणि केव्हा, याचा निर्णय त्यानंतर सर्वांनी मिळून करावा.